पवनीला बोर्ड तरी लावा

संपादक महोदय, सुट्टीच्या दिवशी नागपूरकर गाडी काढली की थेट रामटेक नाहीतर फुटाळा तलाव, म्हणून सांगतो एकदा भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला जाऊन पाहा. उमरेड-भिवापूर मार्गे साधारण ऐंशी किलोमीटर, सकाळी निघालं की संध्याकाळी घरी. भिवापूरला थांबून मिरची घ्याच, आमच्या हिनं दोन किलो घेतली आन् परतेपर्यंत अख्खी गाडी शिंकत होती!

गावाभोवती जुना कोट, खंदक आणि मोठा दरवाजा आहे, आत शिरल्यावर वैनगंगेचे दगडी घाट. आम्ही घाटावरच डबा उघडला, पिठलं-भाकर, ठेचा, पाण्यात पाय. एक आजी पायरीवर तांब्याची गडवी चिंचेनं घासत होत्या, म्हणाल्या, "विदर्भाची काशी हाय बाबू ही, बसा निवांत."

पण खरी गोष्ट जगन्नाथ टेकडीची. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं तिथं उत्खनन केलं आणि दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप निघाला, आता एवढी मोठी गोष्ट, तर मुख्य रस्त्यावर मला तरी एक बाण दिसला नाही, तीन वेळा गाडी वळवली, शेवटी एका पानठेल्यावाल्यानं पोरगं सोबत दिलं. आमची पोरगी म्हणे, "बाबा, हे पुस्तकात काहून नाही?" काय सांगणार तिला.

संबंधितांनी दोन बोर्ड आणि घाटाजवळ एक स्वच्छ बाथरूम एवढं तरी करावं. उन्हाळ्यात मात्र जाऊ नका, दगड भाजतात.

– एक वाचक, नागपूर