बोअरच्या गाडीवाल्या भाऊंना, जाहीरपणे

भाऊ, नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय मॅडम, गोटेच त होते" म्हणता आणि कॉम्प्रेसर सुरू करता. त्याच्यापुढे माझा आवाज चालत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत. फिरत फिरत तुमच्या मोबाईलवर येईलच.

नागपूरच्या विभागीय भूगर्भशास्त्र स्पर्धेत आपल्या पोरांचा तिसरा नंबर आला, हे तुम्हाला कळलंच आहे. तो कशाच्या जोरावर आला, ते मात्र सांगायचं राहिलं.

'तुमच्या परिसराचा भूगर्भ दाखवा' असा विषय होता. आमच्याकडे काय होतं? पुस्तकातला दख्खनच्या पठाराचा परिच्छेद आणि कपाटात लेबलं गळून पडलेले पाच-सहा दगड. गावाजवळ ना डोंगर ना खाण. जिकडे पाहावं तिकडे कपाशी, तूर आणि काळी माती. तिच्याखाली काय दडलंय, ते दाखवायचं कसं?

दिवाळीनंतर शाळेच्या कुंपणापलीकडच्या वावरात तुमची गाडी लागली. त्या आवाजात वर्ग घेणं शक्यच नव्हतं, म्हणून पोरांना घेऊन मी धुऱ्यावर आले. चालू गाडीजवळ पोरं आली की कोणीही हाकलतंच. तुम्हीही आधी सगळ्यांना लांब उभं केलंत, पण मग स्वतः चालत येऊन विचारलंत, "पोट्ट्यायले पाहाचं काय हाय?" मी म्हटलं, खालून जे येतं ते खोलीप्रमाणे वेगवेगळं हवंय.

पुढे तुम्ही जे केलंत, ते पुस्तक वाचून मला सुचलं नसतं. बोअर पाडायचा एक रॉड वीस फुटांचा, म्हणून दर रॉडला एक नमुना. रॉड संपला की नुसती हवा मारून होल साफ होऊ द्यायचं आणि मगच पुढच्या रॉडचा चुरा धरायचा. "नाईतं वरचं खालचं एक होते, मंग कोणाचं काय समजन?" तुमच्या गाडीवरच्या तामिळ पोरांनी त्यांच्या चहाच्या गाळणीत चिपा धुऊन दिल्या. पिशव्या नव्हत्या, तर शेतमालकाच्या कोठ्यातून कपाशीच्या बियाण्याची रिकामी पाकिटं आली आणि त्यांवर तुम्ही मार्करनं फूट टाकलेत. जाताना केसिंगचा, म्हणजे बोअरमध्ये बसवायच्या पाइपाचा, उरलेला तुकडा उभा चिरून दिलात. त्या अर्ध्या नळीत पोरांनी चिपा क्रमानं चिकटवल्या, एक इंचाला दहा फूट. दीड फुटाच्या नळीत 180 फूट जमीन मावली.

त्या नळीत काय काय निघालं! वर काळी माती, मग पिवळट मुरूम, मग काळा कठीण पाषाण, म्हणजे निवलेला लाव्हा. पाचव्या पाकिटात एकदम तांबडं, विटेच्या चुऱ्यासारखं. त्याच्याखाली भोकाभोकाचा दगड, भोकांत पांढरे खडे भरलेले. मग पुन्हा काळा पाषाण. शेवटच्या पाकिटातली पांढरट भुकटी पोरांनी बशीत घेऊन लिंबू पिळलं, तर बारीक फेस आला. म्हणजे चुन्याचा अंश. तो फेस बघायला मुख्याध्यापकसुद्धा खुर्ची सोडून आले. (एरवी त्यांना उठवायला तपासणी लागते.)

नागपूरला परीक्षकांचं बोट त्या तांबड्यावरच गेलं. आमची नववीतली पोरगी बोलायला उभी होती. तिनं सांगितलं, लाव्हा एकदाच आला नाही. एक थर निवला, उघड्यावर पडून झिजला, मग त्याच्यावर दुसरा तापलेला थर येऊन पसरला. मधला तो तांबडा पट्टा म्हणजे ज्वालामुखी थंड होता तेव्हाचा काळ. एवढं मी शिकवलं होतं. पुढचं तुमचं होतं: "सर, तांबडं लागलं की होल ढासळते, रॉड अडकते, म्हणून बोअरवाले तिथं जपून हाकतात." परीक्षक म्हणाले, हे कोणत्या पुस्तकात आहे? ती म्हणाली, गाडीवाल्या काकांनी सांगितलं. त्यानंतर ते तिच्याशी बराच वेळ बोलत होते. हा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्याखाली चुनखडीचा लॅमेटा नावाचा थर काही ठिकाणी सापडतो. वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला याच थरात डायनोसॉरची हाडं आणि दगड झालेली विष्ठा मिळाली आहे. आपली पांढरी भुकटी तीच असेल असं नाही, लाव्हाच्या दोन थरांमध्येही अशी चुनखडी असते, तपासल्याशिवाय बोलता येत नाही, हेही त्यांनी बजावलं. पोरांनी सोयीनं फक्त डायनोसॉर ऐकला. परतीच्या एसटीत दुसरा विषय नव्हता.

एक गोष्ट मनाला लागून आहे, ती लिहिते. ती बोअर कोरडी गेली. पाणाड्यानं नारळ उभा करून जागा दाखवली होती, तिथं ओल लागली नाही आणि मालकाचे फुटाच्या हिशेबानं पैसे गेले. त्याच भोकातल्या चुऱ्यावर आमच्या पोरांना ढाल मिळाली. मालकाच्या दारी पेढे घेऊन जाताना माझा पाय अडखळत होता. त्यांनी एक पेढा घेतला आणि म्हणाले, "चला, कोणाच्या त कामी आली." तुम्ही त्यांच्या बिलातून केसिंगचे पैसे वगळलेत, हे मला तुमच्याकडून नाही, त्यांच्याकडून कळलं.

आता पुढचं काम. तुमची गाडी वणीकडे जाते. तिकडे लाव्हा संपत जातो, वालुकाश्म लागतो, खाली कोळशाचे थर आहेत. तिकडच्या एखाद्या होलचा चुरा असाच रॉडवार काढून ठेवाल का? पाकिटांची काळजी नको, पोरांनी अर्ध्या गावाचे कोठे रिकामे करून ठेवलेत. फक्त फुटांसोबत गावाचं नावही टाका. आणि चिरलेली नळी परत मागू नका, ती नववीच्या वर्गात भिंतीला स्क्रूनं ठोकली आहे.

आपली,
विज्ञान शिकवणारी मॅडम
जिल्हा परिषद हायस्कूल, यवतमाळ जिल्हा