कळसूबाई खालूनच बघू

राजूर, ता. अकोले
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा बाबा फोनवर म्हणाले, "तिकडे डोंगर चढण्याखेरीज आहे काय? आमचे गुडघे आता स्टेशनचा पूल चढतानाही कुरकुरतात." तेव्हा उत्तर द्यायला सवड नव्हती, समोर एक गाय लाथा झाडत होती. म्हणून लिहून पाठवते. लिहिलेलं बाबा दोनदा वाचतात आणि आई फ्रीजवर लावून ठेवते, म्हणजे टाळता येणार नाही.

तर कळसूबाई. 1646 मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, वर जायला लोखंडी शिड्या. आपण चढायचं नाही. घोटीहून येताना बारी गावापाशी गाडी थांबवू, शिखर ढगातून बाहेर असलं तर खालूनच हात जोडू आणि चहा घेऊन पुढे निघू. कोकणकडा, सांदण दरी वगैरे शनिवारी-रविवारी येणाऱ्या पोरांना लखलाभ.

बाबा, तुमच्यासाठी भंडारदऱ्याचं धरण राखून ठेवलंय. 1910 ला काम सुरू झालं, 1926 ला पूर्ण झालं. म्हणजे तुमच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठं, आणि अजून कुरकुर नाही! दगडी बांधकाम, उंची 82 मीटर. तुम्ही जन्मभर पाटबंधाऱ्याचे नकाशे काढलेत, इथे एकदा उभे राहून खाली बघा. पाणी सोडलेलं असलं की भिंतीच्या पायथ्याशी गोल खडकावरून ते असं पसरतं, की उघडलेली छत्रीच. लोक त्याला छत्री धबधबाच म्हणतात. इंग्रजांनी धरणाला विल्सनचं आणि तलावाला आर्थरचं नाव दिलं होतं. आता जलाशयाला राघोजी भांगऱ्यांचं नाव आहे. ते इथल्याच देवगावचे. सावकारांविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध उठले, आणि 2 मे 1848 ला त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. तुम्ही पस्तीस वर्षं ज्या ठाण्यावरून लोकलने गेलात, त्याच ठाण्यात. मलाही हे इथे बदली होऊन आल्यावरच कळलं, तेही एका आजोबांकडून, म्हैस तपासता तपासता.

आई, तुझं रतनवाडी. अमृतेश्वराच्या देवळाजवळ गाडी जाते, चार पावलं चालायचं. काळ्या दगडावरचं कोरीव काम हात लावून बघावंसं वाटतं. शेजारी पुष्करणी, तिच्या कोनाड्यांत मूर्ती. मागे रतनगड. तिथे प्रवरा उगम पावते. तू रोज सकाळी ज्ञानेश्वरी उघडतेस ना, ती नेवाशाला जिच्या काठी झाली तीच ही प्रवरा. इथे ती इतकी लहान आहे की ओढा म्हणावं.

पण खरं तर तुला न्यायचंय कोंभाळण्याला. राहीबाई पोपेरेंचं नाव तू टीव्हीवर ऐकलंयस, 2020 ची पद्मश्री. शाळेची पायरी न चढलेल्या बाईंनी गावठी बियाणं राखलं, त्यातून बायफ संस्थेच्या साथीने बियाणं बँक उभी राहिली. वालाचेच किती प्रकार! पांढरा, जांभळट, ठिपक्यांचा, करंगळीएवढ्या शेंगेचा, वीतभर शेंगेचा. बी मडक्यात, राखेत घोळून ठेवलेलं. अगदी तू पावट्याचं बी बोर्नव्हिटाच्या डब्यात राख घालून ठेवतेस तसं. त्यावरून मी तुला किती हसले होते, ते बघून माझं मलाच ओशाळं वाटलं. इथली रीत अशी, की बी घेतलं तर पुढच्या हंगामात दुप्पट परत करायचं. तू बाल्कनीतल्या कुंडीतून दुप्पट कसं काढणार ते तू बघ, मी जामीन राहणार नाही.

काजव्यांचं विचारत होतीस. ते मेअखेरीला, पाऊस टेकला की. हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं एका तालात विझतात आणि पेटतात. पण शनिवारी मुळीच बोलावणार नाही. यंदा अशाच एका शनिवारी अडलेल्या गाईकडे निघाले होते, वासरू आडवं आलेलं. गाड्यांच्या रांगेत दोन तास अडकले. हेडलाइट चालू, गाणी चालू, पोरं झाडं हलवतायत. नर काजवा मादीला बोलावण्यासाठी लुकलुकतो. एवढ्या झगमगाटात तिला काय दिसणार? वासरू गेलं, गाय वाचली. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून इथे खरडला.

त्यापेक्षा पुरुषवाडी बरी. ग्रासरूट्स नावाच्या संस्थेच्या साथीने गावकरीच पाहुण्यांचं बघतात. मुक्काम कुणाच्या तरी घरात, जेवणही घरचंच, नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी. सोबतीला गावातलाच वाटाड्या. आईला बाहेरचं तेलकट चालत नाही, ही अडचण तिथे येणार नाही. एक रात्र राहू. बाबांनी खाटेबद्दल आधीच कुरबूर करू नये, मी गादी गाडीत टाकीन.

आता माझ्या आवडीचं. डांगी गाय तुम्ही पाहिलेली नाही. पांढऱ्या अंगावर काळे नाहीतर तांबूस डाग, खूर काळे आणि दगडासारखे कडक. जुलैत घाटघरला मी एकीला टोचत होते. पाऊस असा की समोरचा माणूस दिसेना, रेनकोटाच्या आतून माझी पाठ भिजलेली. आणि ही बाई निवांत रवंथ करतेय. तिच्या कातडीला तेलकट ओशटपणा असतो, पाणी टिकतच नाही, थेंब पाठीवरून घरंगळत जातात. मी हात फिरवला तर तळवा चिकट झाला, घरी येऊन साबणाने दोनदा धुतला. संकरित गाय त्या पावसात आठवड्यात आजारी पडली असती. डिसेंबरात राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. मालक बैलांना असे सजवून आणतात, जसं काही लग्नच आहे. पण तेव्हा थंडी फार असते, आईच्या दम्याला झेपायची नाही. तेवढं राहू दे.

तेव्हा कोजागरी झाली की या. सध्या भात पोटरीत आहे, तोवर पिवळा पडेल, आणि उतारावर सोनकी फुललेली असेल. सकाळच्या गाडीने इगतपुरीला उतरा. कसाऱ्यापर्यंत लोकलने येऊन पुढे जीप शोधायचा उद्योग बाबांनी करू नये, मी स्टेशनवर असेन. चार दिवस रजा टाकलीय. साहेबांनी विचारलं, कुठे जाताय? म्हटलं, कुठे नाही, इथेच.

तुमची,
नंदा

ता. क. आई, येताना रिकामे डबे आण, झाकणं घट्ट बसणारे. बाबा, राजूरचे पेढे प्रसिद्ध आहेत हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. साखरेचा रिपोर्ट सोबत आणा, मग बघू.