संध्याकाळ मोजताना

कोल्हापूर,
१२ नोव्हेंबर

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "रेडिओचं स्टेशन लागलं, आवाज आला, संपलं. त्याची फ्रिक्वेन्सी काय मोजत बसतोस लेका?" तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि मी फोन ठेवला. पण ते बोलणं काही डोक्यातून जाईना. म्हणून हे पत्र. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

आमची उद्यमनगरातली शेड आठवते ना? कुणी नवा मायक्रोमीटर आणला की आबा आधी त्यात स्लिप गेज, म्हणजे अगदी पक्क्या मापाचा पोलादी ठोकळा, धरून बघायचे, मालाला हात नंतर. तू एकदा "सूतभर इकडंतिकडं चालतंय की" म्हणालास आणि आबांनी तुला झापलं होतं, "सूत सुताराचं, आपलं मायक्रॉनचं!" माझं सगळं वेड तिथनंच आलंय बघ.

गेल्या वर्षी मी एक स्वस्तातला एसडीआर डोंगल घेतला, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर. मॉस्कोचं आरडब्ल्यूएम नावाचं रेडिओ केंद्र आहे, ९९९६ किलोहर्ट्झवर. गाणी नाहीत, बातम्या नाहीत. प्रत्येक अर्ध्या तासाची पहिली जवळजवळ आठ मिनिटं नुसता एक सरळ सूर, मग सेकंदाचे ठोके. अणुघड्याळावर चालतं, म्हणजे तिथनं निघताना आकडा चोख. मी रिसीव्हर ९९९५ ला लावायचा, म्हणजे कानाला फरकाचा, १००० हर्ट्झचा सूर यायला हवा. आला १००७. पंखा लावला तर १००९. खिडकी उघडली की आणखी कुठंतरी. मला वाटलं, रशियात काहीतरी बिघडलंय!

बिघडलं होतं माझ्या टेबलावर. डोंगलमधलं फ्रिक्वेन्सी ठरवणारं क्रिस्टल दहा लाखांत एक एवढं जरी चुकलं, तरी १० मेगाहर्ट्झला १० हर्ट्झची तफावत पडते, आणि ते क्रिस्टल गरम-गार झालं की सरकतं. डबा केला, त्यात थर्माकोल भरला, तासभर तापू दिलं. कॉम्प्युटरवर उमटणारी सुराची रेषा बरीच स्थिरावली, पण स्थिर असणं आणि बरोबर असणं वेगळं. मग आबांची स्लिप गेज आठवली.

आता माझी स्लिप गेज वर फिरते. जीपीएसच्या प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असतं. त्याचा दर सेकंदाचा ठोका धरून खालच्या ऑसिलेटरला, म्हणजे सूर काढणाऱ्या सर्किटला, सतत कान पकडून जागेवर आणणारं एक यंत्र मिळतं, त्याला जीपीएसडीओ म्हणतात. जुनं घेतलं, तरी पगाराला भोक पडलं ते पडलंच. त्याची अँटेना गच्चीवर आहे. आईनं पहिल्याच आठवड्यात तिच्यावर सांडग्या मिरच्यांचं ताट ठेवलं आणि अर्धे उपग्रह गेले.

शेवटचा चोर सापडायला महिना लागला. कॉम्प्युटरच्या साउंड कार्डालाही स्वतःचं घड्याळ असतं. ते दहा लाखांत ५० चुकलं तर हजार हर्ट्झच्या सुरात ०.०५ हर्ट्झ खातं. मी शंभर-शंभर सेकंद ऐकून हर्ट्झचा शंभरावा भाग वेगळा काढायला बघतोय आणि हा घरातच बसून पाचपट खातोय! आता जीपीएसडीओवरनं काढलेला सूर दुसऱ्या चॅनेलला देतो आणि दोन्हींची तुलना करतो.

हे किती बारीक, तर बघ. १० मेगाहर्ट्झमध्ये १ हर्ट्झची चूक म्हणजे कोल्हापूर ते पुणे सगळा हायवे मोजून दोन-अडीच सेंटीमीटर चुकणं. मी त्याच्याही शंभराव्या भागाशी झगडत होतो.

आणि तरीही रोज संध्याकाळी आकडा घसरायचाच. आधी खाली, मग रात्री परत जागेवर. पुन्हा सगळं उघडलं, सोल्डर तपासलं, शेजाऱ्यांच्या एलईडी बल्बला शिव्या दिल्या. मग कळलं, हे माझं नाहीच.

सूर येतो तो आयनोस्फिअरवरनं, म्हणजे हवेतल्या खूप वरच्या विद्युतभारित थरावरनं वळून. सूर्य गेला की तो थर वर सरकतो, सुराची वाट लांबत जाते. या फ्रिक्वेन्सीची तरंगलांबी ३० मीटर, म्हणजे वाट सेकंदाला ३० मीटरनं लांबली तर बरोबर १ हर्ट्झ कमी. एसटी स्टँड सोडून दूर जाताना हॉर्नचा आवाज उतरतो ना, तसंच. पहाटे उलट, आकडा वर चढतो.

आता गंमत ऐक. या रविवारपासून अंबाबाईचा किरणोत्सव होता. गावातली निम्मी जनता किरणं पायाला लागली, कमरेला लागली का मुखापर्यंत गेली हे बघायला देवळात, आणि मी गच्चीवर. म्हटलं, इकडं मावळतीची किरणं गाभाऱ्यात शिरतील तेव्हाच माझी रेषा वाकेल. नाही वाकली! सहा वाजून गेले, तरी मॉस्कोची रेषा जवळपास सरळ. अर्ध्या-पाऊण तासानं घसरायला लागली. दुसऱ्या दिवशी चीनचं तसलंच केंद्र, बीपीएम, लावलं, १० मेगाहर्ट्झवर. ते आपल्याकडं लख्ख ऊन असतानाच वाकायला लागलं.

नकाशा काढला तेव्हा ट्यूब पेटली. सूर वळतो तो वाटेत, माझ्या डोक्यावर नाही. मॉस्कोच्या वाटेचा मध्य पडतो इराण-तुर्कमेनिस्तानकडं, तिथं दिवस आपल्यानंतर मावळतो. चीनच्या वाटेचा मध्य आसाम-भूतानच्या अंगाला, तिथं नोव्हेंबरात पाचच्या आधीच अंधारतं. (वर थरात सूर्य आणखी तासभर दिसतो म्हणतात, तो हिशेब अजून नीट जुळवायचाय.) कोल्हापुरात बसून मी दुसऱ्याच मुलखातली संध्याकाळ मोजत होतो, भावा, आणि वर्षभर तिला चूक समजत होतो.

पुढचा किरणोत्सव ३१ जानेवारीला लागतो. ये. तू देवळात उभा राहा आणि किरणं कुठवर गेली ते मिनिटासकट वहीत लिही, मी वर दोन्ही रेषा काढतो. येताना पुण्यात मिळाली तर एसएमए कनेक्टरची एक चांगली केबल आण, इथली दोनदा तुटली. आणि आईला आधीच सांगून ठेवलंय, त्या तीन दिवसांत गच्चीवर मिरच्या नाहीत.

तुझा,
बाळ्या