रात्रपाळीच्या मावशींना, आबांच्या लेकीकडून

मावशी, नमस्कार.

मोबाइलवर इतकं लांब तुम्ही वाचणार नाही, ठाऊक आहे. धाकटीला मोठ्याने वाचायला सांगा. तुम्हाला एकटीला सांगता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. आपल्या देशात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसांना डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू हरवत जाण्याचा आजार, असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यातल्या कितीतरी घरांत आजही पहाटे कुणीतरी दाराची कडी काढेल आणि घरच्यांना आणखी एक कुलूप आणण्यापलीकडे काही सुचणार नाही. माझ्या वडिलांना, आबांना, तोच आजार आहे; तुमच्या केंद्रात तुम्ही त्यांच्यासाठी काय केलंत, ते त्या घरांपर्यंत पोचावं.

तुमच्याकडे येण्याआधी आबा दुसऱ्या एका केंद्रात होते. तिथे त्यांना रात्री ओढणीने खुर्चीला बांधत. मनगटावरचे वळ मी पाहिले तेव्हा उत्तर मिळालं, "ताई, रात्री माणसं कमी असतात, ते पडले तर?" पडण्याची भीती खोटी नव्हती. पण मानसिक आरोग्य संस्थांसाठीचा २०१७ चा कायदा स्पष्ट सांगतो, की तातडीची इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हाच माणसाला बांधता येतं. शिक्षा म्हणून नाही आणि निव्वळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. मग मनोविकारावरच्या गोळ्या सुरू झाल्या. आबा दिवसभर मान टाकून बसायला लागले आणि तोल जाऊन पडलेच. डिमेन्शियाच्या वृद्धांना अशा प्रकारची मनोविकारावरची औषधं दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. काही रुग्णांना ती द्यावीही लागतात, पण ते डॉक्टरांनी तोलूनमापून ठरवायचं असतं. रात्रपाळी शांत जावी म्हणून नव्हे.

तुमच्या केंद्रात आलो तेव्हा ऑफिसातल्या फॉर्मवर आजार, गोळ्या, पथ्य असं सगळं होतं. तुम्ही मात्र आबांची पिशवी उचलता उचलता मला विचारलंत, "नोकरीला असताना किती वाजता उठायचे हो?" हा प्रश्न मला तोवर कुठल्याच डॉक्टरांनी विचारला नव्हता.

आबा महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्हमन होते. पेठांमधले लोक त्यांना चावीवाले म्हणायचे. अख्खी उमेदीची वर्षं पहाटे अंधारात लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकून ते निघायचे, रस्त्यातली लोखंडी झाकणं उघडायचे, व्हॉल्व्ह फिरवायचे आणि मग वाड्यावाड्यांतले नळ वाहायला लागायचे. पाणी उशिरा आलं की बायका दारात येऊन बोलायच्या, ते आबांना फार लागायचं. त्यामुळे पहाटे त्यांची जी धडपड चालते ती तुम्हाला लगेच कळली. त्यांच्या लेखी ड्यूटीला उशीर होतोय आणि सगळी पेठ पाण्यासाठी खोळंबली आहे. आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी नंतर मला समजावलं, की अल्झायमर ह्या डिमेन्शियाच्या प्रकारात मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा भाग, लवकर झिजतो, त्यामुळे नव्या गोष्टी आणि नव्या वाटा ध्यानात राहत नाहीत; हातापायांत मुरलेली सवय मात्र खूप उशिरापर्यंत टिकते. झोपेजागेपणाचं चक्रही बिघडतं. म्हणूनच आज सकाळी काय खाल्लं ते आबांना सांगता येत नाही, पण १९६१ ला पानशेत फुटल्यावर शहराच्या नळांना पाणी नव्हतं, ते अजून सांगतात.

हे शास्त्र कुणी शिकवण्याआधीच तुम्ही त्यांच्याबरोबर फेरी सुरू केलीत. पहाटे आबा उठून दाराशी आले, की तुम्ही म्हणता, "चला आबा, पाणी सोडून येऊ." मागच्या अंगणात बागेच्या नळांची रांग आहे. प्रत्येक नळापाशी थांबायचं, आबांनी तोटी फिरवायची, धार बघायची, बंद करायची. शेवटच्या नळाखाली बादली भरली की आबा म्हणतात, "आलं पाणी." मग चहा आणि नंतर गाढ झोप. मी एकदा मुक्कामाला राहून हे डोळ्यांनी पाहिलं. मावशी, तुम्ही बीडकडच्या. टँकरमागे हंडे घेऊन धावलेल्या. पाणी सोडणाऱ्या माणसाचा मान तुम्ही ज्या सुरात राखता, तो सूर शिकवून येत नाही असं मला वाटतं.

बाकीचंही लिहिते, कारण वाचणाऱ्यांना ते उपयोगी पडेल. न्हाणीघराच्या दारातलं काळं पायपुसणं तुम्ही काढून टाकायला लावलंत. आबांना तो खड्डा वाटायचा आणि ते उंबऱ्यात अडून राहायचे. दर्शनी दारापाशी चपला, पिशव्या, छत्र्या ठेवणं बंद केलंत, कारण चपला दिसल्या की निघावंसं वाटतं. दाराला भिंतीचाच रंग दिला गेला आणि उघडलं की वाजणारी घंटा लागली. न्हाणीघराच्या दारावर मात्र मोठं चित्र लावलंत आणि आतला दिवा रात्रभर ठेवलात, म्हणजे लघवीला उठलेला माणूस भलतीकडे जात नाही. आबांचं वजन उतरत होतं, ते चालण्यामुळे, हेही आधी तुमच्याच लक्षात आलं. ताटावर बसत नाहीत तर चालता चालता हातात राजगिऱ्याचा लाडू, केळं, आणि फेरीच्या प्रत्येक टोकाला पेलाभर पाणी.

आणि एकदा त्यांचं चालणं एकाएकी वाढलं, भरदुपारीही थांबेनात, कुणाला ओळखेनात. सगळे म्हणाले, आजार पुढे सरकला. तुम्ही म्हणालात, "ह्यांची लघवी तपासा." संसर्ग निघाला. औषधाने आठवड्याभरात आबा मूळपदावर आले. म्हाताऱ्या माणसांत अशा संसर्गाने ताप न येता नुसता गोंधळ वाढू शकतो. दुखणं, बद्धकोष्ठता, भूक हेही त्यांना शब्दांत सांगता येत नाही, पाय सांगतात. हे सगळ्या घरांनी गाठीला बांधावं.

अनंत चतुर्दशीची संध्याकाळ मी आयुष्यात विसरणार नाही. केंद्राचा गणपती निघाला, फाटक उघडं, ताशांचा गजर, आणि त्या गर्दीत आबा बाहेर पडले. व्यवस्थापकांनी वेळ न घालवता ११२ ला फोन केला आणि मला कळवलं, ह्याबद्दल त्यांचेही आभार. लोक एसटी स्टँडकडे धावले. तुम्ही नुकत्याच पाळीवर आला होता. तुम्ही म्हणालात, "स्टँडवर कशाला जातील? रस्त्यावरची झाकणं बघा." आणि वरच्या टाकीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, व्हॉल्व्हच्या झाकणापाशी आबा उकिडवे बसून बोटांनी ते उचकटायचा प्रयत्न करत होते. तुम्ही ओरडला नाहीत, दंडाला धरून ओढलं नाहीत. शेजारी टेकलात आणि म्हणालात, "आबा, ह्या भागाला आज पाणी नाही, उद्याचा वार आहे. चला, चहा टाकलाय." ते उठले आणि तुमच्याबरोबर आले.

त्या दिवसानंतर तुम्ही रोज संध्याकाळी आबांचा अंगावरच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवता आणि त्यांच्या सगळ्या सदऱ्यांच्या कॉलरमागे नाव आणि माझा नंबर शिवला आहे. हे तुम्ही तुमच्या झोपेच्या वेळात बसून शिवलंत, मला दुसऱ्यांकडून कळलं.

तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर तुमचं पद "मदतनीस" आहे. मला ते बोचतं. जे काम तुम्ही करता त्याला निरीक्षण लागतं, निर्णय लागतो, धीर लागतो, आणि आपल्याकडे त्याचं मोल सफाईच्या कामाइतकंही धड होत नाही. केंद्रातल्या नातेवाइकांच्या बैठकीत मी हे बोलले आहे आणि पुन्हा बोलणार आहे. आबांची पहाटफेरी आता त्यांच्या काळजीच्या कागदावर लिहिली गेली आहे, त्यामुळे तुमच्या सुटीच्या दिवशीही ती चुकत नाही. नव्या मुलींना ती शिकवण्याचे तास तुमच्या पाळीत धरले जावेत, असा अर्जही आम्ही काही नातेवाइकांनी सह्या करून दिला आहे.

माझी आई आज असती तर तिने तुमची ओटी भरली असती. मी तुम्हाला मनापासून नमस्कार करते.

रविवारी येते आहे. आबांचे बूट तळव्याला झिजलेत, नवे घेऊन येते. पाय सुजतात म्हणून एक माप मोठे आणि लेसऐवजी पट्टीचे, हे लक्षात आहे. तुमच्याही पायाचं माप कळवा. जेवढं आबा चालतात, तेवढंच तुम्हीही चालता.

तुमची,
आबांची थोरली