दान दिलेल्या वाड्याची नोटीस माझ्याच नावे : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार. गेल्या सोमवारी आमच्या वाड्याच्या दिंडीदरवाजावर नोटीस चिकटवली गेली. नगरपरिषदांच्या 1965 च्या अधिनियमातील कलम 195 चा आधार घेऊन वाडा धोकादायक ठरवला असून मी तो पंधरा दिवसांत स्वखर्चाने उतरवून घ्यावा, असा तिच्यात आदेश आहे. हा वाडा तीन वर्षांपूर्वी मी नोंदणीकृत बक्षीसपत्राने गावासाठी दिला, तेव्हा आपणच त्याच्या चौकात उभे राहून वर्षाच्या आत इथे मुलांची अभ्यासिका आणि बचत गटांसाठी सभागृह सुरू होईल, असा शब्द दिला होता. घर पुन्हा माणसांनी भरणार म्हणून माझी आई त्या दिवशी ओसरीवर बसून रडली. ती गेल्या श्रावणात गेली.

हा वाडा सागवानी सांगाड्याचा आहे. सुरूच्या झाडासारख्या नक्षीचे खांब तळखड्यांवर, म्हणजे पायाच्या दगडांवर, उभे आहेत आणि तुळयांचे सांधे खाच व तिच्यात बसणारे कुसू यांनी जोडलेले आहेत. असे लाकूड दोन-दोनशे वर्षे टिकते, पण माथ्यावरची शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौले नीट करून घेणे, चुकता कामा नये. वडिलांनी आणि नंतर मी ती एकाही वर्षी चुकवली नाही. आपल्या यंत्रणेच्या ताब्यात गेल्यापासून तीन पावसाळे झाले, एक कौल हलले नाही. आधी दिवाणखान्याची तक्तपोशी, म्हणजे छताखालची फळ्यांची आच्छादनी, भिजली, मग तुळईला वाळवी लागली आणि यंदा मागच्या सोप्याचा कोपरा खचला. त्यात ठेकेदाराने मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केल्यामुळे ओल आतच कोंडली आणि खांबांचे पाय कुजले. चुन्याचे काम जाणणारे दोन गवंडी आमच्या तालुक्यात आहेत, हे मी लेखी कळवले होते. काम मात्र सर्वांत कमी दर भरणाऱ्याला गेले.

या काळात मी कचेरीत चाळीसएक हेलपाटे घातले असतील. दोन्ही गुडघे गेले आहेत, जिना चढवत नाही, आणि ज्यांना भेटायचे ते दुसऱ्या मजल्यावर बसतात. निवृत्तिवेतनातून ताडपत्री आणली, ती वाऱ्याने फाटली. मिळकत पत्रिकेवर फेरफार झालेला नसल्याने घरपट्टीही अजून मीच भरतो.

पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात 1821 मध्ये संस्कृत पाठशाळा भरली, 1879 च्या आगीत त्याचा काही भाग जळाला, तरी लोकांनी वर्गणी काढून तो पुन्हा उभा केला. त्याच पुण्यात 1848 ची मुलींची शाळा जिथे भरली, तो भिडेवाडा मोडकळीस येईपर्यंत वाद चालले आणि 2023 च्या डिसेंबरमध्ये स्मारकासाठी तो पाडावा लागला. गळती थांबवायला पैसा नाही, पाडायला मात्र यंत्र तासाभरात येते, अशा कारभाराला वारसा जपणे कसे म्हणायचे? दान देणाऱ्याला असे वागवल्यावर पुढे कोण आपले घर गावाला देईल?

नोटीस स्थगित करावी, वारसा जतनाची जाण असलेल्या वास्तुविशारदाकडून खांबन् खांब तपासून घ्यावा, कुजलेले पाय कापून त्यांना सागवानाचे जोड द्यावेत आणि पावसाआधी माथा शाकारावा, एवढीच माझी मागणी आहे. आपण पाहणीला येणार असाल, तर दिंडीदरवाजाची किल्ली अजून माझ्याकडेच आहे. ती घ्यायलाही कोणी आले नाही.

आपला,
वाड्याचा जुना मालक