विषय : बॉयलरच्या गेटवेमधील त्रुटी, आणि तुमचं उत्तर

प्रति,
सेवा विभाग प्रमुख

महोदय,

मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात बॉयलर चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, म्हणजे पीएलसीला, तुमचा गेटवे (त्याला नेटवर्कशी जोडणारा डबा) जोडलेला आहे. दिवाळीच्या सुट्टीत, लाभ पाचमला काम सुरू व्हायच्या आधी, माझ्या भाच्याने बॉयलर थंड असताना तो तपासला. तो सयाजीराव विद्यापीठात शिकतो, आणि सुट्टीत त्याला स्वस्थ बसवत नाही.

गेटवेच्या वेबपेजवर 'पिंग' करण्यासाठी, म्हणजे दुसरं यंत्र नेटवर्कवर उत्तर देतं का ते पाहण्यासाठी, एक चौकट आहे. तिथे त्या यंत्राचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) लिहायचा. तुमचा प्रोग्राम तो मजकूर न तपासता तसाच लिनक्सच्या शेलच्या, म्हणजे लिहिलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, हवाली करतो. पत्त्यापुढे अर्धविराम देऊन दुसरी आज्ञा लिहिली, की तीही मुकाट चालते. भाच्याने फक्त 'मी कोण?' एवढंच विचारलं. पडद्यावर उत्तर आलं : रूट. म्हणजे डब्याचा धनीच. शाळेत अर्धविराम चुकला तर अर्धा गुण जायचा, इथे अख्खा गेटवे जातो.

इथून पुढे पीएलसीपर्यंत मॉडबस, म्हणजे यंत्रांची आपसातली बोली, आहे, आणि मॉडबस कुणालाही 'तू कोण' म्हणून विचारत नाही. प्रेशरचा सेटपॉइंट (ठरवून दिलेला दाब) कुणीही बदलू शकेल. सेफ्टी व्हॉल्व्ह यांत्रिक आहे म्हणून रात्री झोप लागते, तुमच्या गेटवेच्या भरवशावर नव्हे.

हे सगळं मी तुम्हाला फोटोंसकट कळवलं. तुमचं उत्तर : "पासवर्ड बदला, गेटवे इंटरनेटला जोडू नका, नाहीतर नवं मॉडेल घ्या." पासवर्ड आम्ही पहिल्याच दिवशी बदलला होता, पण पिंगचं ते पान लॉगिन न करताच उघडतं. आणि इंटरनेटचं म्हणाल, तर बसवताना तुमच्याच इंजिनिअरने "लांबून सर्व्हिस देता येईल" म्हणून आमच्या राउटरवर पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायची वाट, उघडला. तेव्हा ती सोय होती, आता ती आमची चूक कशी झाली?

अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था सिसा आणि एफबीआय यांनी जुलै २०२४ मध्ये नेमक्या याच प्रकारच्या त्रुटीबद्दल उत्पादकांना बजावलं होतं, ग्राहकांना नाही. उपायही काही अवघड नाही, असं भाचा म्हणतो : शेलला मध्ये आणायचंच नाही, चौकटीत आयपी पत्त्याशिवाय काही स्वीकारायचं नाही आणि वेब सर्व्हरला रूटचे अधिकार द्यायचे नाहीत. विद्यार्थ्याला सुचतं ते तुमच्याकडे कुणाला सुचू नये, याचं नवल वाटतं.

मला नवं मॉडेल नको. याच मॉडेलचं दुरुस्त फर्मवेअर (डब्याच्या आतला प्रोग्राम) हवं, तेही फुकट, आणि तारीख लेखी हवी. हा गेटवे वापरणाऱ्या बाकीच्या ग्राहकांना तुम्ही कळवलं का, तेही सांगा. १५ दिवसांत उत्तर आलं नाही, तर सगळा तपशील सर्ट-इनकडे, म्हणजे भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेकडे, पाठवीन.

तोवर राउटरवरचा पोर्ट आम्ही बंद केला आहे. तुमच्या इंजिनिअरला आता लांबून काही दिसणार नाही. त्यांनी मकरपुऱ्याला यावं, चहा मिळेल, पण व्हिजिट चार्ज लावू नये.

आपला,
एक ग्राहक, बडोदा