कॅम्पर व्हॅनच्या ‘बारमाही’ वीज संचाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: ‘जनरेटरची गरज नाही’ म्हणून विकलेला संच व त्याची सदोष जोडणी

महोदय,

तुमच्या संचात २०० वॅटची दोन पॅनेल, २०० अँपिअर-अवरची लिथियम (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी, २,००० वॅटचा इन्व्हर्टर (बॅटरीची वीज घरगुती विजेसारखी करणारा) आणि बाहेरच्या विजेवर चालणारा १० अँपिअरचा चार्जर येतो. माहितीपत्रकात ‘बारमाही’ असे ठळक छापले आहे.

फ्रिज, दोन पंखे, दिवे, पंप, लॅपटॉप धरून दिवसाला साधारण १,१०० वॅट-अवर लागतात. बॅटरीत १२.८ × २००, म्हणजे २,५६० मावतात. उन्हाच्या महिन्यांत टपावरची आडवी पॅनेल रोज तेराशे-चौदाशे देतात, तेव्हा काम भागते. पण जुलैत गगनबावड्याला ऊन पडले तर लोक एकमेकांना हाक मारून दाखवतात. दाट ढगात पॅनेल चौथाईवर येते आणि तिसऱ्या दिवशी सगळा संच आडवा होतो. पावसाला आम्ही दोष देत नाही. ‘बारमाही’ तुम्ही छापलेत.

अशा वेळी गाडीच्या अल्टरनेटरने, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राने, हात द्यायला हवा. तुम्ही तिथे साधा रिले (दोन बॅटऱ्या नुसत्या जोडणारा स्विच) बसवला आहे. बीएस-६ गाडीचा अल्टरनेटर मूळ बॅटरी भरली की व्होल्टेज खाली आणतो, मग रिलेतून मागच्या बॅटरीला जवळजवळ काहीच जात नाही. अल्टरनेटरचे व्होल्टेज वाढवून बॅटरीला देणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर असता तर कोल्हापूर-गगनबावडा दीड तासाच्या प्रवासात ६०० वॅट-अवर, म्हणजे दिवसाची निम्मी गरज भरली असती.

पॅनेलमधून बॅटरी भरणारा सोलर कंट्रोलर लेड-ॲसिड बॅटरीवर सेट करून दिला आहे. त्याचे इक्वलाइज (लेड-ॲसिडला अधूनमधून दिला जाणारा जास्त व्होल्टेजचा चार्ज) १४.८ व्होल्टवर जाते, तर या बॅटरीची कमाल मर्यादा १४.६. परिणामी भर उन्हात बीएमएस (बॅटरीचे रक्षण करणारे सर्किट) चार्जिंग तोडतो आणि तुमचे कॉल सेंटर ‘पॅनेल पुसून बघा’ म्हणते.

इन्व्हर्टरची गंमत वेगळीच. तो २,००० वॅटचा, बीएमएस मात्र १०० अँपिअरचा, म्हणजे जेमतेम १,२८० वॅटचा. इंडक्शन १,६०० वर नेली की काही सेकंदांत सगळे बंद. १,००० वर ठेवून मीटर लावला: बॅटरीच्या टोकांवर १२.९ व्होल्ट, इन्व्हर्टरच्या टोकांवर १२.०. चार मीटर लांबीची १६ चौरस मिलिमीटर वायर टाकल्याने ८० वॅट वायरीतच जळतात. वायरीच्या टोकाचा लग (धातूचा जोड) हाताला चटका देतो. इन्व्हर्टर बॅटरीजवळ, दीड मीटरच्या आत आणून ७० चौरस मिलिमीटरची वायर हवी.

आता तुमचा अधिकृत सल्ला: ‘छोटा जनरेटर घ्या.’ घेतला, तरी १० अँपिअरचा चार्जर त्यातून फक्त १४० वॅट ओढतो. रिकामी बॅटरी भरायला वीस तास लागतील. ४० अँपिअरच्या चार्जरने पाच. शिवाय तुमच्या चित्रात जनरेटर मागच्या डिकीत चालू दाखवला आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ते चित्र आजच काढा.

मागणी: कंट्रोलरची सेटिंग दुरुस्त करावी, डीसी-डीसी चार्जर, ४० अँपिअरचा चार्जर आणि योग्य वायर विनामूल्य बसवावी, बीएमएस किंवा इन्व्हर्टर यांपैकी एक बदलून द्यावा. १५ दिवसांत हे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये कोल्हापूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागितली जाईल. बिल, मीटरचे फोटो व माहितीपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
एक ग्राहक, कोल्हापूर